गाव धरा, आडनाव मागाहून

वाचक विचारतात

घराण्याचा शोध घेणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकांची पत्रे बरीच साठली होती. या अंकात ती एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून इथे त्यातला प्रश्न तेवढाच दिला आहे.

प्रश्न : आमच्या शेतीचे उतारे १९६०च्या आसपासपर्यंत सापडले, त्यामागे वाट बंद. तलाठी कार्यालयात ‘जुने काही नाही’ एवढेच सांगतात. पणजोबांच्या मागे जायचे तर कुठे जावे?
– एक वाचक, अंबड

तलाठी कार्यालयात (आता ग्राम महसूल अधिकारी) मुख्यतः चालू दप्तर असते, त्यामुळे मिळालेले उत्तर चूक नाही. जुने दप्तर दोन ठिकाणी असते : तहसीलचा अभिलेख कक्ष आणि भूमी अभिलेख उपअधीक्षकांचे कार्यालय. तहसिलात सातबारा, फेरफार, पाहणी पत्रक आणि त्यामागे १९५४-५५चे खासरा पत्रक पाहावे. पट्टेदार (ज्याच्या नावे जमीन तो) कोण, प्रत्यक्ष कब्जा कोणाचा, पीक काय, हे खासऱ्यात सर्व्हे नंबरनिहाय लिहिलेले असते. पट्टेदार आणि कब्जेदार वेगळे असतील तर दोन्ही नावे टिपून घ्या. पुष्कळदा ती भाऊ-भाऊ किंवा चुलता-पुतण्या निघतात. भूमी अभिलेखात शेतवार पत्रक, वसूल बाकी, पक्के बुक, प्रति बुक विचारा.

मधली एक पायरी बहुतेकांची चुकते. आजच्या उताऱ्यावर गट नंबर असतो, जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर. शेतांचे तुकडे जोडून गट केले त्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. गट नंबर घेऊन खासरा पत्रक शोधले की भलत्याच माणसाचे शेत समोर येते आणि ‘आमची नोंदच नाही’ असा गैरसमज होतो. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे योजनापत्रक काढा, गटावरून जुना सर्व्हे नंबर मिळवा, मगच मागे जा.

अर्ज कसा लिहिता यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘आमच्या घराण्याची जुनी कागदपत्रे द्यावीत’ हा अर्ज परत येणारच, कारण दप्तर घराण्याप्रमाणे लावलेले नसते. ते गाव, नोंदवही आणि वर्षाप्रमाणे लावलेले असते. गाव, तालुका, सर्व्हे नंबर, नोंदवहीचे नाव, वर्ष ही पाच गोष्टी अर्जात हव्यात. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. उत्तराची मुदत तीस दिवस. आमचा आग्रह असा की आधी प्रती मागू नका, अभिलेखाचे अवलोकन मागा. वही समोर ठेवून पाहिली की शेजारच्या पानावर चुलत घराणे सापडते. प्रत मागितली तर एकच पान हाती येते.

अंबडच्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. जालना जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्याआधी अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. म्हणून जिल्हा पातळीवरचे जुने कागद आजच्या छत्रपती संभाजीनगरात विचारावे लागतात. लातूरकरांनी (जिल्हा १९८२पासून) धाराशिवला आणि हिंगोलीकरांनी (१९९९पासून) परभणीला असेच विचारावे. अंबाजोगाई जुन्या कागदांत ‘मोमिनाबाद’ म्हणून येते.

जुना कागद हाती आला की बहुतेकांना धक्का बसतो, कारण त्यावर आडनाव नसते. ‘रामा वल्द गोविंदा’, पुढे जात, संपले. त्याच गावात असे तीन रामा निघतात. आपला रामा ठरवायचा तो सर्व्हे नंबर आणि शेताची चतुःसीमा पाहून. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे ‘गोविंदा वल्द रामा’ आणि ‘रामा वल्द गोविंदा’ आलटून पालटून येत राहतात, आणि पिढी मोजताना एक हमखास गळते किंवा दुप्पट होते. म्हणून प्रत्येक नावापुढे कागदाचे वर्ष लिहिल्याशिवाय ते वंशावळीत चढवू नये.

प्रश्न : घरात एक बस्ता आहे. काही कागद मोडी वाटतात, काही उर्दू. मी देवनागरीखेरीज काही वाचत नाही. आधी काय शिकावे, आणि कुठे?
– एक वाचक, उदगीर

गावपातळीचा, कुलकर्ण्यांच्या हातचा किंवा सावकारी कागद असेल तर तो बहुधा मोडी. सरकारी शिक्क्याचा, निजामी कचेरीचा असेल तर आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून पुढे उर्दू. बस्त्यात जास्त कागद कोणते ते मोजा आणि ती लिपी आधी घ्या. दोन्ही एकदम सुरू करणारे दोन्ही सोडतात.

मोडीची अक्षरओळख रोज तासभर दिला तर महिन्याभरात होते. खरी अडचण पुढे येते. ओळीची शिरोरेषा आधी आखून त्याखाली हात न उचलता लिहिलेले असते, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ओळ संपली की शब्द मधेच तुटतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे वर्ग संपला तरी घरचा कागद वाचता येत नाही, आणि लोक निराश होतात. उपाय एकच : ज्याचे देवनागरी लिप्यंतर छापलेले आहे असा कागद घ्यायचा, आधी स्वतः वाचून लिहायचा, मग ताडून पाहायचा. असे शंभर कागद झाले की डोळा बसतो. शक्यतो एकाच शतकातले कागद घ्या. शिवकालीन आणि पेशवाईच्या अखेरचे वळण फार वेगळे आहे.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग आणि परीक्षा होतात, आणि त्यांचे एक कार्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) मोडीचे वर्ग घेते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांतही पुढच्या वर्गाची चौकशी करावी. सप्टेंबर २०२३पासून मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकालीन दप्तरे तपासली गेली, तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. पैसे घेऊन वाचून देणारेही वाढले. त्यांच्याकडून काम करून घेतले तर नुसता अर्थ घेऊ नका. ओळीस ओळ लिप्यंतर मागा, म्हणजे दुसऱ्या जाणकाराला ते तपासता येईल.

उर्दूसाठी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि तो उर्दू न येणाऱ्यांसाठीच आहे. मात्र छापील उर्दू आली म्हणजे कचेरीतला शिकस्ता, म्हणजे घाईने लिहिलेला, हात वाचता येईल असे समजू नका. शिकस्त्यात नुक्ते (अक्षरांचे टिंब) गाळलेले असतात, अक्षरे एकमेकांत ओढलेली असतात. त्यासाठी गावातल्या जुन्या वकिलाकडे किंवा निवृत्त उर्दू शिक्षकांकडे बसून दहा-वीस कागद वाचणे हीच शाळा.

उदगीरचे म्हणून वेगळे सांगतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शोध घ्याल तेव्हा ‘उस्मानाबाद’ आणि ‘नांदेड’ या नावांखाली शोधून हात हलवत परत येऊ नका, बीदर मागा. घरात इनाम असेल तर ‘मुंतखब’ हा शब्द लिहून न्या. इनाम मंजुरीच्या त्या कागदात बहुधा ‘शजरा’ म्हणजे वंशवृक्ष जोडलेला असतो, आणि तीन-चार पिढ्या एकदम हाती येतात.

वाचताना थोडे शब्द पाठ असावेत. ‘वल्द’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मौजे’ साधे गाव, ‘कसबे’ बाजारपेठेचे गाव. नवशिके ‘बिन’ हा नावाचाच भाग धरतात आणि ‘बिनराणोजी’ नावाचा पूर्वज तयार होतो.

प्रश्न : एका कागदावर ‘१० खुर्दाद १३४२ फसली’ आहे, दुसऱ्यावर ‘सन सबा अर्बैन मया व अलफ’. इसवी सन कसा काढायचा?
– एक वाचक, परळी वैजनाथ

पहिला कागद निजामी, त्यावरचा फसली हा महसुली सन. विसाव्या शतकातल्या हैदराबादी फसलीचे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अजूर महिन्याने सुरू होते. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. खुर्दाद एप्रिलात सुरू होतो, म्हणून तुमचा कागद १३४२ अधिक ५९१, म्हणजे एप्रिल १९३३चा. ‘बहमन’ डिसेंबर-जानेवारीवर बसतो, तिथे जपून.

दुसरा कागद शुहूर सनाचा, आणि पेशवाईतला. आकडे अरबी शब्दांत असतात आणि एककापासून सुरू होतात : सबा सात, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११४७. हे वर्ष मृगाला, म्हणजे पावसाच्या तोंडाशी बदलते. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. उत्तर १७४६-४७. ‘अर्बा’ (चार) आणि ‘अर्बैन’ (चाळीस), तसेच ‘सबा’ (सात) आणि ‘सबैन’ (सत्तर) यांत गफलत झाली की घराणे छत्तीस नाहीतर त्रेसष्ट वर्षे सरकते. मोडी कागदाच्या शेवटी ‘छ १५ रबिलावल’ असे दिसले तर ‘छ’ म्हणजे चंद्र. ती हिजरी महिन्याची तारीख आहे.

त्या काळातल्या मोडी कागदावर फसली आला तर तोही मृगाला बदलणारा असतो, ऑक्टोबरात नव्हे. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९.

प्रश्न : आमचे मूळ गाव जायकवाडीच्या पाण्यात गेले. घरातले कागदही गेले. आता काय उरले?
– एक वाचक, पैठण

भूसंपादनाचा निवाडा उरला. नाथसागरासाठी जमीन घेतली तेव्हा प्रत्येक खातेदाराचे नाव, हिस्सा, क्षेत्र आणि मोबदला त्यात लिहावा लागला, आणि मयत खातेदाराचे वारसही. पैठणखेरीज आसपासच्या तालुक्यांतलीही गावे पाण्याखाली गेली, म्हणून आधी आपले गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होते ते ठरवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन व पुनर्वसन शाखेत जुन्या गावाच्या नावाने निवाडा मागा. पुनर्वसित गावाला तेच नाव दिलेले असले तरी नंबर सगळे नवे असतात. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात घरे गेलेल्यांनाही हाच मार्ग : पुनर्वसनाच्या याद्या कुटुंबवार आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ना शेत, ना वतन. मग आमचा इतिहास कागदावर नाहीच का?
– एक वाचक, गेवराई

आहे, पण महसुली दप्तरात शोधून मिळणार नाही. चार ठिकाणे पाहा. पहिले, गावच्या शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. आजोबांची नोंद मिळाली नाही तर त्यांच्या धाकट्या भावाची, चुलत्याची शोधा. पालकाचे नाव आणि मूळ गाव तिथे मिळते. जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असेल तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे, तिच्यावर गणित बांधू नये. दुसरे, गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर. यात जमीन असण्याशी संबंध नाही, गावात जो जन्मला किंवा वारला त्याची नोंद. तिसरे, १९५१ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. ती घरवार आहे. एका छपराखाली कोण कोण होते हे दाखवणारा इतका सोपा कागद दुसरा नाही, आणि त्यात बायकामुलेही आहेत. चौथे, शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीचे कॉलेज. १९५०मध्ये सुरू झालेल्या छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात मराठवाड्यातल्या किती तरी घरांतला पहिला पदवीधर शिकला. असा कोणी आपल्या घरात असेल तर त्याच्या प्रवेश अर्जाची चौकशी जरूर करावी.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात घरातले कोणी असेल, तर स्वातंत्र्यसैनिक सन्मानवेतनाची फाइलही मागा. प्रतिज्ञापत्रात माणसाने आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगितलेली असते.

आणि थोरांना आजच विचारा. ‘जन्म कधीचा’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘रझाकाराच्या वेळी चालत होता का कडेवर?’ असे विचारले की १९४८ला वय किती ते कळते. १९७२चा दुष्काळ, त्याआधी आजीच्या तोंडची १९१८ची मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ, हे आपले मैलाचे दगड. फोन विमान मोडवर टाकून ध्वनिमुद्रण करा, पाऊण तासाहून जास्त बसवू नका, आणि दुसऱ्या दिवशी परत जा. रात्रभरात आठवलेले पुष्कळ असते.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींकडे आणि गावात येणाऱ्या हेळव्याकडे आमची वंशावळ आहे म्हणतात. कितपत भरवसा ठेवावा?
– एक वाचक, निलंगा

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर बराच. आलेला माणूस नाव, गाव, सोबतची मंडळी आणि मागच्या पिढ्या सांगतो आणि पुष्कळदा स्वतःच्या हाताने सही करतो. म्हणजे तो त्या दिवशीचाच कागद झाला. गुरुजी गावावरून ठरतात. त्यामुळे आज कुठे राहता ते नव्हे, मूळ गाव, तालुका, जात आणि किमान तीन पिढ्यांची नावे सांगावी लागतात. एका ठिकाणी नाही मिळाले तर नाशिक, पैठण, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग इथे विचारा. दक्षिणा आधी विचारून घ्यावी, फोटो परवानगीनेच. २०२६-२७च्या सिंहस्थाच्या गर्दीत नाशिक-त्र्यंबकेश्वरला कोणालाही वही उघडायला सवड होणार नाही, जाणे त्याप्रमाणे आखा.

हेळवी आणि भाट घराण्यांच्या वंशावळी तोंडी राखत आले, काहींकडे बाडे आहेत. बंजारा समाजात हेच काम ढाडींनी केले. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या, भाऊबंदांच्या फांद्या आणि स्थलांतराची गावे यांत त्यांची माहिती मोलाची असते. त्याच्या वर एखादा देव किंवा राजघराणे सुरू झाले की ते स्तुतीचे अंग समजा. ते जसे सांगितले तसे लिहून ठेवा, पण वंशवृक्षात चढवू नका. हेळव्याला सन्मानाने घरात बसवा, बिदागी द्या. त्याच्या मुलाने हे काम सोडले असण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : वंशावळीत बायकांची नावेच नाहीत. पणजीचे नाव कुठून काढू?
– एक वाचक, धाराशिव

वारसाच्या फेरफारातून. पणजोबा वारल्यावर जो फेरफार झाला त्यात विधवा आणि मुली दिसतात, कधी ‘हक्कसोड’ लिहून दिल्याच्या नोंदीत दिसतात. मग माहेरचे गाव शोधा; तिच्या वडिलांच्या वारस नोंदीत ती कधी पुन्हा येते, आणि तिथे नाव पुष्कळदा वेगळे असते, कारण लग्नात बदललेले. दोन्ही नावे एकाच ओळीत ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्या. त्यांत भावाचे नाव आणि माहेरचे गाव येते, आणि गाव मिळाले की कागद मिळतो.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण तालुक्यात गट काढतो आहोत. काम कसे चालवावे? ऑनलाइन अभ्यासक्रम, डीएनए चाचणी यांचा उपयोग होतो का?
– एक वाचक, सेलू

सात-आठ ही नेमकी संख्या. गट आडनावाचा किंवा जातीचा करू नका, तालुक्याचा करा. एका खासरा पत्रकात गावची सगळी घरे असतात. एकजण आपले घर शोधतो तेव्हा बाकीच्यांची पाने त्याच्या हाताखालून जातात. आडनावाच्या संमेलनात नावे भराभर जमतात, पण पुरावा कोणी विचारत नाही आणि चूक छापून कायमची होते.

महिन्यातून एकदा, सार्वजनिक ग्रंथालयात, दोन तास. पहिला तास एकच पान सगळ्यांनी वेगवेगळे वाचून लिहायचे आणि मग ताडायचे. जिथे दोघांचे वाचन जुळत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचे, बहुमताने अक्षर ठरवायचे नाही. अडलेल्या शब्दाचे कात्रण तारखेनिशी एका वहीत चिकटवा; सहा महिन्यांनी तीच वही तुमचा कोश होते. दुसरा तास गाववार वाटणी : कोणते दप्तर पाहिले, कोणते राहिले. ‘पाहिले, काही मिळाले नाही’ हेही लिहा, नाहीतर तेच दप्तर तिसऱ्यांदा उपसले जाते.

फोटो घेताना कागद सपाट, उजेड बाजूने, फ्लॅश नको, फोन कागदाला समांतर. आधी पूर्ण पान, मग जवळून. फाइलला नाव द्या : गाव, नोंदवही, वर्ष, पान. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून शाई खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. धुतलेल्या सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवावे. हयात माणसांची माहिती व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत करा.

मराठवाडा इतिहास परिषदेच्या अधिवेशनाला गटातून एकाला तरी पाठवा. कोणत्या गावचे दप्तर कोणी वाचले आहे हे तिथे कळते. पिढ्यांना क्रमांक देण्याची पद्धत कोकणातल्या घराण्यांच्या छापील कुलवृत्तांतांवरून उचलावी, ती चांगली आहे.

ऑनलाइनमध्ये फॅमिलीसर्च हे वंशावळीचे संकेतस्थळ मोफत आहे. हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचे चित्रण तिथे आहे, पण त्या मुख्यतः हरिद्वारच्या आणि उत्तरेकडच्या. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा फ्यूचरलर्न या संकेतस्थळावरचा घराणे शोधण्याचा अभ्यासक्रम इंग्रजी जाणणाऱ्याने करावा : पुरावा कसा तोलायचा, दोन कागद भांडले तर काय करायचे, ते त्यातून शिकता येते. साधने मात्र तिकडची आहेत, इकडे लागू पडत नाहीत. जमीन अभिलेखांचे ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळ पाहा, पण त्यावर सगळे तालुके नाहीत. आपला दिसला नाही तर अभिलेख कक्ष आहेच. डीएनएने पणजोबांचे नाव किंवा गाव कळत नाही. तेवढ्या पैशात गटासाठी एक चांगला स्कॅनर घ्या आणि तीनशे डीपीआयवर लावून ठेवा.